संग्रहालयाच्या मुखपृष्ठावरचा मूक व्हिडिओ आला कुठून?

एखाद्या मोठ्या संग्रहालयाचं संकेतस्थळ आज उघडलं, तर अनेकदा अक्षरं दिसण्याआधीच पडदाभर दृश्य हलू लागतं. दालनातून चालणारी माणसं, मूर्तीच्या चेहऱ्यावरून सरकणारा कॅमेरा, चित्राची चौकट पुसणारा हात. आवाज नाही, निवेदन नाही, आणि थोड्याच सेकंदांत तेच दृश्य पुन्हा पहिल्यापासून. या घाटावर दिग्दर्शकांपेक्षा मोडेम, मोबाइल आणि ब्राउझरचे नियम यांचा हात अधिक आहे.

संग्रहालयं आणि चलच्चित्र यांची ओळख मात्र इंटरनेटच्या कितीतरी आधीची. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय १९२०च्या दशकात स्वतःच मूकपट काढत असे. १९२८च्या एका पटात संग्रहालयाची पडद्यामागची कामं टिपलेली आहेत. पुढे टीव्ही आला. बीबीसीवर १९५२ साली ‘अ‍ॅनिमल, व्हेजिटेबल, मिनरल?’ नावाचा खेळ सुरू झाला. संग्रहालयातली एखादी वस्तू तज्ज्ञांच्या हातात द्यायची आणि ती कुठली, कधीची, हे त्यांनी ओळखायचं. त्यात गाजले ते मॉर्टिमर व्हीलर, १९४८पर्यंत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक असलेले. वस्तू हातात फिरवताना त्यांच्या चेहऱ्यावर उमटणारं कुतूहल हीच त्या वस्तूची सर्वांत चांगली जाहिरात होती. एका वेळी एकच वस्तू, आणि तिच्याकडे मनापासून पाहणारा एक माणूस: हे सूत्र तेव्हाच सापडलं होतं.

वेबवर पहिलं पाऊल पडलं ते स्थिर चित्रांचं. १९९४ साली निकोलस पिओश या फ्रेंच तरुणाने ‘वेबलूव्र’ नावाचं चित्रसंग्रहालय स्वतःच्या हौसेने उभं केलं. नाव पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाचं असलं, तरी त्या संस्थेशी त्याचा संबंध नव्हता. पुढे ते ‘वेबम्युझियम’ झालं. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं ते १५ ऑगस्ट १९९५ला. त्या काळात व्हिडिओ मुखपृष्ठावर ठेवणं परवडणारं नव्हतं. ५६ केबीपीएसचा मोडेम पूर्ण वेगाने चालला, तरी एक एमबी उतरायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागे, आणि टेलिफोनचं बिल चढत राही ते वेगळंच. मग फ्लॅश या सॉफ्टवेअरने बनवलेले अ‍ॅनिमेशन-प्रवेश आले आणि त्यांच्या कोपऱ्यात ‘स्किप इन्ट्रो’चं बटण. पाहुण्याला दारातच थांबवून ठेवण्याचा तो प्रकार होता.

२००५ साली यूट्यूब आलं आणि व्हिडिओ साठवण्याचा, पोचवण्याचा भार संग्रहालयांच्या डोक्यावरून उतरला. लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाने छोट्या फितींची मालिका सुरू केली, तर अमेरिकेतल्या इंडियानापोलिस कलासंग्रहालयाने २००९मध्ये ‘आर्टबॅबल’ हे खास कलाविषयक व्हिडिओंचं संकेतस्थळच उघडलं.

२०१३ हे वर्ष मला या इतिहासात सर्वांत बोलकं वाटतं, कारण त्या वर्षी दोन वेगळ्या वाटा ठसठशीत दिसल्या. अ‍ॅमस्टरडॅमच्या रेक्सम्युझियमची मुख्य इमारत सुमारे दहा वर्षं नूतनीकरणासाठी बंद होती. ती १३ एप्रिलला उघडायची होती. त्याआधी नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहरातल्या एका मॉलमध्ये याच संग्रहालयातल्या, रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या चित्रामधली पात्रं अचानक अवतरली, चोराच्या मागे धावली आणि शेवटी चित्रातल्यासारखी उभी राहिली. वरून सोनेरी चौकट उतरली. ही फीत जगभर लाखोंनी पाहिली. त्याच वर्षी मेट्रोपॉलिटनने ‘एटीसेकंड अँड फिफ्थ’ ही मालिका आणली. नाव संग्रहालयाच्या पत्त्यावरून. शंभर अभिरक्षक (क्युरेटर), प्रत्येकाला एक कलाकृती आणि सुमारे दोन मिनिटं. दृश्यं बहुतांशी छायाचित्रांचीच, सोबत फक्त अभिरक्षकाचा आवाज. पहिली फीत संग्रहालयाकडे ओढते, दुसरी थेट वस्तूपाशी नेऊन उभी करते. माझं मत निःसंकोच दुसरीच्या बाजूने आहे. ती पाहून झाल्यावर ती एक वस्तू डोळ्यांसमोर राहते.

मुखपृष्ठाचा कायापालट घडला सप्टेंबर २०१६मध्ये. त्या महिन्यात आलेल्या आयफोनच्या आयओएस १० या प्रणालीने आणि अँड्रॉइडवरच्या क्रोमने वेबपानातला व्हिडिओ बोट न लावता सुरू होऊ दिला. अट एकच, आवाज बंद हवा. योगायोगाने त्याच महिन्यात भारतात जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइल डेटा स्वस्त झाला. मुखपृष्ठावरच्या फिती मुक्या झाल्या, निवेदन गेलं, त्याच्या जागी पडद्यावरचे शब्द आले. या सगळ्यात एक जुना नियम अनेक संकेतस्थळं विसरली. वेब सर्वांना वापरता यावं म्हणून २००८ साली ठरलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, इतर मजकुराशेजारी आपोआप सुरू होणारं हलतं दृश्य पाच सेकंदांपेक्षा जास्त चालणार असेल, तर ते थांबवण्याची सोय द्यावी लागते. हलत्या चित्राने ज्यांना त्रास होतो किंवा वाचताना लक्ष विचलित होतं, त्यांच्यासाठी ते छोटं बटण म्हणजे आत येण्याचा रस्ता आहे.

२०२०च्या टाळेबंदीत युनेस्कोच्या अंदाजानुसार जगातली सुमारे ९० टक्के संग्रहालयं बंद झाली. इटलीतल्या फ्लॉरेन्सचं उफीत्सी कलासंग्रहालय त्याच वर्षी एप्रिलमध्ये टिकटॉकवर गेलं. आडव्या फितींच्या जोडीला उभ्या फिती आल्या.

भारतातल्या सरकारी संग्रहालयांच्या वस्तू ऑनलाइन आणणारी ‘जतन’ ही प्रणाली पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत तयार झाली. तिच्यामुळे नोंदी आणि छायाचित्रं उपलब्ध झाली; हालचाल दाखवण्याचं काम त्यापुढचं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते घ्या. काचेआड ते मिटलेले किंवा उघडलेले, कुठल्यातरी एकाच स्थितीत राहणार. पाती कशी मिटतात, सुपारी नेमकी कुठे धरायची, बोटं कुठे ठेवायची, हे आजच्या मुलांना छायाचित्रातून कळणार नाही. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या कारागिरांच्या मातीच्या प्रतिकृतींचंही तसंच: हातातली हत्यारं इतकी बारीक की कॅमेरा अगदी जवळ जायला हवा. अशा वीस सेकंदांना आवाजाची गरज नाही. वस्तूचं नाव, गाव आणि काळ मराठीत पडद्यावर आला की पुरे.