गाझातल्या मुलांसाठी महाराष्ट्रातून मदत : कोण पाठवू शकतं, कागदपत्रं कोणती, कर किती

बातम्या पाहून मन हलतं आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आवाहन पडतं. प्रत्येकी पाचशे-हजार सेक्रेटरीच्या खात्यात टाका, महिनाअखेर सगळे एकदम पाठवू. हेतूबद्दल शंका नाही, पण नेमकी हीच पद्धत नियमात बसत नाही. नियमात बसणारी पद्धत याहून सोपी आहे. ज्याचे पैसे, त्यानेच आपल्या खात्यातून पाठवायचे.

परदेशी देणगी रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस, म्हणजे उदारीकृत प्रेषण योजनेत मोडते. भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. शिक्षण, प्रवास, भेट, देणगी हे सगळं मिळून ही मर्यादा आहे. योजना फक्त व्यक्तींसाठी आहे. ट्रस्ट, कंपनी, भागीदारी संस्था आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांना ती लागू नाही.

बँकेत पॅन लागतं, ते नसेल तर पुढचं काही होत नाही. त्याशिवाय फॉर्म ए-२, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याचा बँकेतला अर्ज, आणि त्याला जोडलेलं घोषणापत्र, ज्या संस्थेला द्यायचं तिचं नाव, पत्ता, बँक खातं आणि स्विफ्ट कोड (परदेशी व्यवहारात बँक ओळखण्याचा कोड), आणि संस्थेच्या संकेतस्थळावरचं देणगीचं पान किंवा त्यांचं पत्र. शेवटचा कागद सगळ्याच शाखा मागत नाहीत, पण जवळ असला की हेलपाटा वाचतो. ए-२ वर उद्देशाचा कोड भरावा लागतो. परदेशातल्या धर्मादाय संस्थेला देणगी असेल तर एस१३०३, वैयक्तिक भेट किंवा देणगी असेल तर एस१३०२. काउंटरवरचा माणूस सवयीने ‘कुटुंबाचा उदरनिर्वाह’ टाकून मोकळा होऊ शकतो, तेव्हा सही करण्याआधी तो रकाना वाचा.

घोषणापत्रात एक ओळ असते, ही रक्कम माझी स्वतःची आहे. सोसायटीची वर्गणी सेक्रेटरीने आपल्या नावाने पाठवली तर ही ओळ खोटी ठरते. रक्कम लहान असल्याने काही बिघडत नाही, असं समजू नका. ज्यांच्याकडून दहशतवादाचा धोका आहे अशा व्यक्ती-संस्थांना एलआरएसखाली पैसे पाठवायला बंदी आहे आणि गाझाचं नाव दिसलं की बँका बारकाईने तपासतात. म्हणूनच इन्स्टाग्रामवर कुणीतरी दिलेल्या खासगी खात्यात थेट रक्कम टाकण्याच्या फंदात पडू नये. आवाहन खरं असलं तरी ते तपासायचं साधन आपल्याकडे नसतं.

कराचं गणित थोडक्यात. वर्षभरात एलआरएसखाली १० लाखांपर्यंत पाठवलं तर बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापत नाही. १० लाखांच्या वरच्या रकमेवर देणगीसाठी २० टक्के कापला जातो. तो विवरणपत्र भरताना आपल्या करात वळता होतो, त्यामुळे बुडीत समजू नका. मात्र परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर ८०जीची, म्हणजे देणगीदाराला मिळणारी आयकराची, सवलत नाही. सवलत हवी असेल तर भारतात मान्यता असलेल्या संस्थेची पावती लागते. अशा ठिकाणी आधी विचारा की हा पैसा गाझाला जाणार की भारतातल्या कामाला. युनिसेफसारख्या संस्थेच्या आवाहनात ‘स्टेट ऑफ पॅलेस्टाइन’ असा स्पष्ट उद्देश लिहिलेला असेल तरच गृहीत धरा. पावती मिळाली एवढ्यावरून रक्कम कुठे गेली ते कळत नाही. (१ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू होतो. ८०जी, टीसीएस यांचे कलम-क्रमांक त्यात बदलले आहेत, जुने फॉर्म वापरू नका.)

आता मंडळं आणि ट्रस्ट. नोंदणी नसलेल्या गटाला महाराष्ट्रात लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१क, म्हणजे गणेश मंडळं दरवर्षी जी घेतात तीच. अर्ज, गटाचा ठराव, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं, आधी परवानगी घेतली असेल तर तिची प्रत आणि मागचा हिशेब, हे हाताशी ठेवा. पण परवानगी मिळाली म्हणजे जमलेला पैसा परदेशी पाठवता येतो असं नाही. ती फक्त गोळा करण्यापुरती आहे. जमलेली रक्कम तिकडे काम करणाऱ्या, भारतात नोंदणी असलेल्या संस्थेला देणं हाच व्यवहार्य रस्ता उरतो.

नोंदणीकृत ट्रस्टची अडचण वेगळी. आयकरात ट्रस्टला मिळणारी सूट भारतात केलेल्या खर्चावर असते. भारताबाहेर खर्च करायचा तर १९६१च्या कायद्यात कलम ११(१)(सी)खाली केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा आदेश लागायचा, आणि तोही भारताला ज्यात रस आहे अशा आंतरराष्ट्रीय कल्याणासाठी. आदेश नसेल तर तेवढ्या उत्पन्नावरची सूट जाते. शिवाय ट्रस्टच्या घटनेत असा उद्देश असायला हवा आणि बँकेची परकीय चलनाची अट वेगळीच. लहान ट्रस्टने एका मोसमातल्या मदतीसाठी या फेऱ्यात पडू नये असं माझं मत आहे. इथे अनेकांचा गोंधळ होतो तो एफसीआरएबद्दल. तो कायदा परदेशातून येणाऱ्या देणगीसाठी आहे, इथून जाणाऱ्या पैशाशी त्याचा संबंध नाही.

कपडे, खेळणी, दुधाची पावडर गोळा करू नका. भारत सरकारने २२ ऑक्टोबर २०२३ रोजी साडेसहा टन वैद्यकीय आणि ३२ टन इतर साहित्य पाठवलं, तेही वायुदलाच्या विमानाने इजिप्तमधल्या अल-अरीशपर्यंतच. पुढे सीमेवरच्या करेम शालोमसारख्या नाक्यावर तपासणी होते, माल उतरवून दुसऱ्या ट्रकांत चढवला जातो, आणि इस्रायलची कोगॅट ही यंत्रणा आत काय जाणार ते ठरवते. लष्करी वापर होऊ शकतो असं म्हणून तंबूचे खांबसुद्धा अडकले आहेत. २ मार्च २०२५पासून अकरा आठवडे तर काहीच आत गेलं नाही. २२ ऑगस्ट २०२५ रोजी गाझा शहराच्या परिसरात दुष्काळ जाहीर झाला. अशा ठिकाणी आपलं खोकं पोचण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

पैसा कुणाला द्यायचा, हे कामावरून ठरवा. लसी, पोषक आहार, पाणी यासाठी युनिसेफ. ऑगस्ट २०२४मध्ये दहा महिन्यांच्या बाळाला पोलिओने लुळेपणा आल्याचं निदान झालं, तेव्हा सप्टेंबरमधल्या पहिल्या फेरीत सुमारे ५ लाख ६० हजार मुलांना डोस दिले गेले, ते अशाच यंत्रणांमुळे. अन्नासाठी जागतिक अन्न कार्यक्रम. दवाखाने आणि मुलांचं शिक्षण यासाठी यूएनआरडब्ल्यूए, ही पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीची संयुक्त राष्ट्रांची संस्था, जिला भारत सरकारही वर्षाला ५० लाख डॉलर देत आलं आहे. मात्र इस्रायलचा या संस्थेविरुद्धचा कायदा ३० जानेवारी २०२५पासून लागू आहे आणि मार्च २०२५पासून तिला स्वतःचा माल आत नेऊ दिलेला नाही. तिला दिलेली देणगी आधीपासून तिथे असलेल्या डॉक्टर-शिक्षकांच्या कामी येते, हे समजून द्या.

‘तिथलं एखादं मूल दत्तक घेता येईल का’ हा प्रश्नही येतो. नाही. युद्धात नातेवाईक बेपत्ता असलेल्या मुलाला अनाथ धरत नाहीत, आधी घरच्यांचा शोध घेतला जातो.

लंडन किंवा न्यूजर्सीतल्या मराठी मंडळींना एलआरएस लागू नाही, त्यांनी तिथल्या नियमांनी द्यावं. ब्रिटनमध्ये कर भरत असाल तर नोंदणीकृत संस्थेला देताना ‘गिफ्ट एड’च्या चौकटीत खूण करा, दर पाउंडामागे २५ पेन्स सरकारकडून संस्थेला मिळतात. इथून पाठवणाऱ्यांनी ए-२ ची प्रत, बँकेची स्विफ्ट पावती आणि संस्थेची पोच एकत्र ठेवावी. टीसीएस कापला असेल तर तो आयकर पोर्टलवर आपल्या पॅनखाली दिसतोय का, हे विवरणपत्र भरण्याआधी बघावं.