धीर (मराठवाडा)

धीर : रोजची अडचण, नुकसान, अपमान किंवा काळजी यांना आहे तेवढीच जागा देऊन हातातले काम न सोडण्याची मनाची रीत. मराठवाड्यात हा एकट्याच्या स्वभावाचा गुण मानत नाहीत. भावकी, सोयरे, शेजार आणि गाव मिळून तो सांभाळतात. संकट नाकारणे म्हणजे धीर नव्हे, आणि सगळे मुकाट सोसत राहणे म्हणजेही नव्हे. या प्रदेशात या दुसऱ्या गोष्टीशी त्याची नेहमी गल्लत होते, आणि तिची किंमत बहुतेक वेळा बायकांनी आणि गरिबांनी मोजली आहे.

छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव आणि बीड हे मराठवाड्याचे आठ जिल्हे. पावसाळ्यातला सरासरी पाऊस सुमारे ६८० मिलिमीटर, पण सरासरीला इथे फारसा अर्थ नाही. जूनमध्ये बरसून जुलैत तीन-तीन आठवडे ओढ द्यायची आणि सोयाबीन काढणीला आले की कोसळायचे, हे नेहमीचे. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये गारपिटीने उभा हरभरा, गहू आणि फळबागा झोडपल्या. दोनच वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये उलटे झाले. सीना, मांजरा, सिंदफणा या नद्यांच्या काठची पिके पाण्याखाली गेली, कित्येक ठिकाणी पिकाबरोबर मातीही खरवडून गेली. अशा बातम्या होणाऱ्या संकटांच्या मधल्या काळात न संपणारी बारीक कटकट असते : दुबार पेरणी, पीककर्जाचे नवे-जुने, मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, पडलेला भाव, लेकीचे लग्न, नळाला आठ-दहा दिवसांनी येणारे पाणी, पोराचा निकाल. माणसाचा धीर मोठ्या संकटापेक्षा या कटकटीतच जास्त झिजतो.

आजची अडचण मापायला जुन्या माणसांकडे एक माप असते : १९७२ चा दुष्काळ. ‘बहात्तरला’ एवढे म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. दुष्काळी कामावर खडी फोडणे, पाझर तलावाची माती वाहणे, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी, मुलांना मिळणारी सुकडी, हे सगळे त्या एका शब्दात येते. हीच माणसे पुढे असेही सांगतात, की बहात्तरला विहिरीत थोडेफार पाणी होते आणि कणगीत दाणा नव्हता. अलीकडच्या दुष्काळांत दुकानात दाणा होता आणि पाणी नव्हते. ही तुलना नुसती आठवण म्हणून करत नाहीत. कोणते संकट कशाचे आहे, त्यात काय शिल्लक आहे, हे पाहण्याची सवय तीतून लागते. मात्र हे माप स्वतःला लावले तरच कामाचे. नव्या पिढीच्या पोराला ‘आमच्या वेळेला याहून वाईट होतं’ असे सुनावले की त्याचे दुःख कमी होत नाही, ते सांगण्याची वाट तेवढी बंद होते.

या रीतीचा गाभा निवडण्यात आहे : काय आपल्या हातात आहे आणि काय नाही. शेतीत ही निवड अगदी उघड दिसते. पाऊस हातात नाही, पेरणीचा दिवस हातात आहे. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ (स्थापना १९७२) दर खरिपात सांगते, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. शेजाऱ्याची तिफण चालू झालेली दिसत असताना स्वतःची थांबवून ठेवायला जे लागते, तोच धीर. सोयाबीनच्या ओळींत तूर घेण्यामागेही हाच विचार आहे. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांचे, तूर त्यानंतर दोन-अडीच महिने उभी राहते, त्यामुळे एका पावसाने दोन्ही पिके एकदम जाण्याची शक्यता कमी होते. ‘सगळंच गेलं’ या वाक्याला शेतातच दिलेले हे उत्तर आहे.

मानसशास्त्रानेही हीच वाट वेगळ्या बाजूने गाठली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. घटनेपेक्षा घटनेबद्दलची आपली हटवादी समजूत माणसाला जास्त छळते, हे तिचे सूत्र. मराठीत ते कि. मो. फडके यांनी पोचवले. ‘यंदा भाव मिळायला हवा होता’ ही इच्छा झाली; ‘भाव मिळालाच पाहिजे, नाही तर मी कुणाला तोंड दाखवायच्या लायकीचा नाही’ हा हट्ट. पहिलीतून निराशा येते, दुसऱ्यातून माणूस खचतो. जागतिक आरोग्य संघटनेने डॉक्टर नसलेल्या कार्यकर्त्यांसाठी तयार केलेल्या समुपदेशन पद्धतीतही अडचणींची वाटणी सोडवता येण्याजोग्या, न सोडवता येण्याजोग्या आणि बिनमहत्त्वाच्या अशी करायला शिकवतात. पारावर बसणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाला हे नवे वाटणार नाही. तो म्हणेल, ‘जे हुनार न्हाई त्याच्यापायी जीव कामून जाळतू?’ दोघांचे सांगणे एकच, फक्त त्याने ते पुस्तकातून घेतलेले नाही.

धीर टिकवायच्या सामाजिक रीतींत लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली वेळ अमावास्या, बोलीत येळवस, सर्वांत ठसठशीत आहे. शेजारच्या बीड-नांदेडच्या काही भागांतही ती करतात. मार्गशीर्षाच्या अमावास्येला, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, गाव आणि शहर दोन्ही ओस पडतात आणि माणसे शेतात जातात. लातूर-धाराशिवला त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. आदल्या रात्री घरोघर बाया जागून स्वयंपाक करतात. ओला हरभरा, वाटाणा, तूर, मेथी आणि हाताला लागेल ती भाजी एकत्र शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, शेंगदाण्याची चटणी. आणि मडक्यात ताक-ज्वारीच्या पिठाची आंबील, जिची आंबूस थंड चव उन्हात चालून आलेल्या माणसालाच खरी कळते. शेतात कडब्याची कोप उभी केलेली असते. तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात. पूजा झाली की आंबील शिंपडत, आरोळ्या देत पिकाला फेरी घालतात. तिन्हीसांजेला पेंढी पेटवून पीक ओवाळायचीही रीत आहे.

या सणाची वेळ लक्षात घेण्यासारखी आहे. खरिपाचा हिशेब तोवर संपलेला असतो. सोयाबीनचे किती झाले, सावकाराचे आणि बँकेचे किती गेले, हे घरात सगळ्यांना कळून चुकलेले असते. नेमक्या त्याच सुमारास सगळे घर, आजीपासून नातवापर्यंत, शेतात येऊन उभी ज्वारी आणि घाट्यांवर आलेला हरभरा डोळ्यांनी पाहते. गेलेले डोक्यात असते, राहिलेले समोर. ज्यांना शेत नाही त्यांना आग्रहाने बोलावतात, वाटेने जाणाऱ्यालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. पिके करपलेल्या वर्षीही येळवस टळत नाही, आंबीलीचे मडके तेवढे लहान होते. माझ्या मते मनाच्या आरोग्याचा याहून चांगला वार्षिक कार्यक्रम कोणत्याही खात्याला आखता आलेला नाही.

मरणाच्या घरी रीत वेगळी. त्या घरात चूल पेटत नाही. शेजारी आणि भावकी पिठले-भाकरी घेऊन येतात, कुणी तरी बळेच पहिला घास भरवते. भेटायला आलेली माणसे पुष्कळदा काहीच बोलत नाहीत, नुसती बसून राहतात. ‘जिवाला लावून घेऊ नको माय’ एवढेच एखादी म्हातारी म्हणते. पण त्या आठ-दहा दिवसांत जनावरांचे शेणपाणी कोण करते, दूध कोण काढते, लेकरे कुणाच्या घरी जेवतात, हे न विचारता ठरलेले असते. पेरणी-खुरपणीच्या वेळी माणसे आणि बैल एकमेकांना देण्याची सावड ही त्याच स्वभावाची. ट्रॅक्टर आल्यावर बैलांची सावड मोडली. बायकांची खुरपणीची सावड मात्र काही गावांत अजून चालते, आणि ओळीने खुरपताना सासर-माहेराची, दुखण्या-खुपण्याची जेवढी बोलणी होतात तेवढी इतर कुठे होत नाहीत.

पूर्वी हे काम जाते करत असे. पहाटे दळता दळता बाई जे उघड बोलू शकत नव्हती ते ओवीत घालत असे, आणि जोडीला बसलेली दुसरी पुढची ओळ जोडत असे. गंगाखेडच्या जनाबाईंच्या अभंगांत दळणकांडण हेच भक्तीचे ठिकाण आहे, तिथे विठ्ठल कामाला हात लावायला येतो. दुःखाला कामातला सोबती दिला की ते पेलते, हे तेराव्या-चौदाव्या शतकातल्या दासीचे काम करणाऱ्या बाईने ओळखले होते. नरसीचे नामदेव, तेरचे गोरोबा, पैठणचे एकनाथ हीही याच मातीतली माणसे. गोदावरीवर स्नान करून येणाऱ्या एकनाथांवर कुणी तरी पुन्हा पुन्हा थुंकत राहिला आणि ते न चिडता पुन्हा पुन्हा नदीवर गेले, ही कथा मराठवाड्यात लहानपणीच कानावर पडते. गावोगावचे हरिनाम सप्ताह कीर्तनासाठी असतात, पण सात दिवस भांडलेले भाऊ एका पंगतीला बसतात, हेही त्यांचे काम आहे. बौद्ध वस्त्यांत हाच विचार आठ लोकधर्मांच्या रूपाने येतो : लाभ-हानी, यश-अपयश, निंदा-स्तुती, सुख-दुःख ही येत-जात राहणार, मन त्यांच्याबरोबर वाहू द्यायचे नाही. या परंपरेने ते नुसते सोसायला मात्र शिकवले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, महाविद्यालय काढले. स्थिर मन आणि हक्काची मागणी एकाच माणसात नांदू शकतात, याचा तो सरळ पुरावा आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छते झोपलेल्या माणसांवर आली, हजारो माणसे गेली. पुढच्या पुनर्वसनात एक गोष्ट धीराच्या दृष्टीने फार महत्त्वाची घडली. घरदुरुस्तीच्या कामात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेमार्फत गावागावांतल्या बायका संवाद सहायक झाल्या. अनुदान कसे मिळते, भिंत बांधताना कोणती काळजी घ्यायची, इंजिनिअरला काय विचारायचे, हे त्या शिकल्या आणि घरोघर सांगू लागल्या. ज्यांच्या घरात माणूस गेले होते अशाही त्यांत होत्या. रडू थांबल्यावर कामाला लागा, असे त्यांना कुणी म्हटले नाही. कामात राहूनच रडायला जागा मिळाली. पुढे याच भागात बचत गट उभे राहिले.

धीराचा गैरवापर हा स्वतंत्र विषय आहे. नांदायला गेलेल्या लेकीला ‘सोसलं पाहिजे’ म्हणून मारहाणीच्या घरी परत पाठवणे याला धीर देणे म्हणत नाहीत. बीड जिल्ह्यातून दरवर्षी जोडपी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला जातात. उसाच्या फडात एक दिवस काम बुडाले तर खाडा धरून पैसे कापले जातात, म्हणून बाई पाळीचे, पोटाचे दुखणे अंगावर काढते. ऊसतोड करणाऱ्या पुष्कळ बायकांच्या गर्भपिशव्या तरुण वयातच काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तिथे दृष्टी बदलून काही होत नव्हते. बदलायला हवी होती उचलीची पद्धत, फडाजवळचे पाणी, संडास आणि दवाखाना. कर्ज, पाणी आणि भाव यांच्या प्रश्नावर नुसता धीराचा उपदेश करणाराने आधी त्या घराचा सातबारा आणि पासबुक पाहावे.

शहरात हा प्रश्न निकालाच्या रूपाने येतो. ‘लातूर पॅटर्न’मुळे आठही जिल्ह्यांतली मुले अकरावी-बारावीला लातुरात राहतात : खोली, मेस, शिकवणी, सराव परीक्षा. वडिलांनी फीसाठी काय विकले हे मुलाला ठाऊक असते, आणि चाचणीतले कमी गुण त्याला त्या विकलेल्या वस्तूएवढे मोठे दिसू लागतात. अशा वेळी ‘टेन्शन घेऊ नको’ हे वाक्य निरुपयोगी आहे. फोनवर मार्कांआधी जेवणाची, झोपेची चौकशी करणारे आणि ‘न्हाई जमलं तर घर हाय’ हे एकदा तरी स्वच्छ सांगणारे आईबाप उपयोगी पडतात.

धीर पुरत नाही अशीही वेळ येते, आणि तो आजार असतो, कमकुवतपणा नव्हे. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास राहणे, झोप किंवा भूक जाणे, आवडीच्या कामात मन न लागणे, माणसांत न येणे, दारू वाढणे, ‘माझा तुम्हाला भार झालाय’ असे बोलणे, देण्याघेण्याची अचानक निरवानिरव करणे, ही खुणेची लक्षणे. असे दिसल्यास त्या माणसाला थेट विचारावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, असे विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. त्याला एकटे सोडू नये, घरातली कीटकनाशके कुलपात किंवा दुसरीकडे ठेवावीत आणि दवाखान्यात न्यावे. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून उपचार मिळतात. राज्याच्या आरोग्य विभागाने मराठवाड्यातल्या आठ आणि विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आशा कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन चौकशी करण्याची योजना होती. गावात कोण गप्प झाले आहे हे आशाताईला सर्वांत आधी कळते, हे त्यामागचे साधे गणित. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, त्यावर मराठीत बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले आहे. त्याला शिक्षा न करता उपचार आणि पुनर्वसन देणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे. पोलिसांच्या भीतीने अशा माणसाला दवाखान्यात न्यायला उशीर करण्याचे आता कारण उरलेले नाही.