ओसोजी म्हणजे अडगळ फेकणं नव्हे

डिसेंबर आला की एक मजकूर फिरू लागतो: जपानी लोक 31 तारखेला घरातल्या नकोशा वस्तू फेकून देतात आणि ही त्यांची हजार वर्षांची परंपरा आहे. यात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे.

वर्षअखेरीच्या सफाईला तिथे ‘ओसोजी’, म्हणजे मोठी झाडलोट, म्हणतात. तिचं मूळ ‘सुसुहाराई’त, म्हणजे काजळी झटकण्यात आहे. चुलीच्या धुरानं आढी काळी पडत. लांब बांबूला गवत किंवा पानं बांधून ती झाडायची आणि नव्या वर्षाच्या देवाला, तोशिगामीला, घर मोकळं करून द्यायचं. एदोच्या (म्हणजे जुन्या तोक्योच्या) किल्ल्यात हे काम बाराव्या महिन्याच्या 13 तारखेला होई. क्योतोच्या निशी होंगान्जी मंदिरात आजही 20 डिसेंबरला तातामी चटया बांबूच्या छड्यांनी बडवतात आणि उडालेली धूळ भल्यामोठ्या पंख्यांनी बाहेर घालवतात. 31 तारीख तर उलट टाळण्याची: त्या दिवशी दारावर सजावट लावणं अशुभ मानतात.

मग वस्तू टाकायचं काय? ‘दानशारी’, म्हणजे नकोशा वस्तूंचा मोह सोडून त्या काढून टाकणं, हा शब्द गाजला 2010च्या सुमारास आणि गंमत म्हणजे त्यामागची कल्पना योगसाधनेतून घेतलेली आहे. जुन्या लोककथेत तर सुसुहाराईच्या वेळी फेकलेली अवजारं चिडून भुतं होतात आणि मालकांवर सूड उगवतात!