सुगंधी तेलं: स्वयंपाकात किती, अंगाला किती

सुगंधी तेलाची (इसेन्शियल ऑइलची) बाटली हातात घेतली की बहुतेक ग्राहक विचारतात, "हे खायला चालतं का?" "किती घालायचं?" हा प्रश्न सहसा नंतर फोनवर येतो, आणि तोवर श्रीखंड किंवा साबण बिघडलेला असतो. म्हणून हे पत्रक मुख्यतः 'किती'बद्दल आहे. वाचून झाल्यावर तुम्ही आमच्याकडून एखादी बाटली कमी घेतलीत तरी चालेल.

एका थेंबात काय असतं

आमची भट्टी सिंधुदुर्गात आहे. तिथे आम्ही गवती चहा आणि दालचिनीची पानं वाफेवर गाळतो. बाकीची तेलं बाहेरून आणून भरतो. 100 किलो ओला गवती चहा भट्टीत रचला तर हाती येणारं तेल साधारण 400 ग्रॅम. गुलाबाचं गणित याहून कठीण आहे. एक किलो तेलासाठी साडेतीन ते चार हजार किलो फुलं लागतात. लवंग त्या मानाने उदार, कळीच्या वजनाच्या 15 ते 20 टक्के तेल देते.

म्हणजे मसाला आणि त्याचं तेल यांचा वास एक असला तरी माप वेगळं. वेलचीच्या तेलाचा एक थेंब साधारण तीन-चार वेलदोड्यांइतका पडतो. पुरणात 'अजून थोडी' म्हणून वेलचीपूड चिमूटभर जास्त पडली तर काही बिघडत नाही. तेल तसं 'अजून थोडं' घातलं तर पुरण औषधासारखं लागतं आणि ते परत काढता येत नाही.

दुसरी गोष्ट, ही तेलं पाण्यात विरघळत नाहीत. ग्लासभर पाण्यात पुदिन्याचा थेंब टाकला तर तो वर तरंगतो आणि पहिल्या घोटाला तसाच्या तसा ओठाला लागतो. बादलीतल्या पाण्यात टाकलेल्या थेंबाचंही तेच, फक्त तो ओठाऐवजी नाजूक कातडीला लागतो. आधी तूप, खोबरेल, साखर असं काहीतरी मध्ये हवं.

थेंबाचं माप ढोबळ असतं. 1 मि.ली. म्हणजे साधारण 20 थेंब धरतात, पण वाळ्याचं तेल दाट असल्याने त्याचा थेंब मोठा पडतो आणि लिंबाचा लहान. अंगाला लावायचं काही करणार असाल तर औषधाच्या दुकानातून 1 मि.ली.ची बिनसुईची सिरिंज आणा. त्याहून बरं म्हणजे सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा.

घेताना काय पाहायचं

आंबा, स्ट्रॉबेरी, सफरचंद यांचं इसेन्शियल ऑइल नसतं. या नावांच्या बाटल्यांत बनवलेला सुगंध असतो. तो मेणबत्तीला उत्तम, पण त्याला 'शुद्ध नैसर्गिक' म्हणून जास्त पैसे मोजू नका. मोगरा वाफेवर नीट निघत नाही, त्याचा सुगंध द्रावक वापरून काढतात. असं मोगऱ्याचं काही आमच्याकडून नेलंत तर ते फक्त अत्तरासाठी, खाण्यात कधीच नाही. आणि दीड-दोनशे रुपयांत 10 मि.ली. 'शुद्ध गुलाब तेल' कुणी देत असेल तर वरचं फुलांचं गणित त्याच्यासमोर मांडा.

गुलाबात भेसळ ही काही आजची गोष्ट नाही, आणि तिच्यात आपल्या मुलखाचाही हात आहे. खानदेशात आणि निमाडात रोशा गवत उगवतं, त्याच्या तेलाला गुलाबाजवळ जाणारा वास असतो. ब्रिटिश काळात हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानाकडे जायचं आणि तिथून पुढे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. रोशा तेल स्वतःच्या नावाने विकलं तर मात्र फार गुणी आहे. ज्यांना घरच्या साबणाला गुलाबी वास हवा आहे त्यांना आम्ही तेच सुचवतो.

लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि कुठल्या भागाचं तेल हे लिहिलेलं असलंच पाहिजे. याचं कारण दालचिनीत लगेच कळतं. आमच्याकडे पानं येतात ती 'कोकण तेज' जातीची, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली. पानांच्या तेलात मुख्यतः युजेनॉल हा लवंगेतलाच घटक असतो, म्हणून त्याचा वास लवंगेकडे झुकतो. सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड असतं. ते कातडीला इतकं झोंबतं की त्याची मर्यादा 0.1 टक्क्याच्याही खाली धरतात. बाटलीवर नुसतं 'दालचिनी तेल' लिहिलं असेल तर ती बाटली ठेवून द्या, आमची असली तरी.

खाण्यासाठीच्या बाटलीवर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी परवाना क्रमांक असतो. आमच्या हिरव्या झाकणाच्या बाटल्यांवर तो आहे, पांढऱ्या झाकणाच्या बाटल्यांवर नाही. आतलं तेल शुद्ध असलं तरी पांढरं झाकण स्वयंपाकघरात न्यायचं नाही.

स्वयंपाकात

स्पष्टच सांगतो: रोजच्या स्वयंपाकात सुगंधी तेलाची गरज नाही. मसालेभातात लवंग-दालचिनी अख्खी पडते ती पडू द्या. जायफळ उगाळा किंवा किसा. चहात गवती चहाची दोन पाती टाका. अंगणात, निदान कुंडीत तरी ती असतात. फोडणीत तर तेल टाकूच नका. गरम कढईत सुगंध क्षणात उडून जातो, आणि ही तेलं पेट घेणारी आहेत हेही लक्षात ठेवा. जे काही घालायचं ते गॅस बंद करून, पदार्थ कोमट झाल्यावर.

मग तेल कुठे? जिथे मसाल्याचा चोथा नको, पाणीही नको, तिथे. घरी चॉकलेट करणाऱ्यांना हे पटकन पटेल. वितळलेल्या चॉकलेटात पाण्याचे दोन थेंब गेले तरी ते आवळून रवाळ होतं, म्हणून पाणी असलेले इसेन्स तिथे नडतात. सुगंधी तेल कोको बटरमध्ये सहज मिसळतं. अर्धा किलो चॉकलेटला संत्र्याच्या सालीच्या तेलाचे 4 ते 5 थेंब किंवा पुदिन्याचे 3. आधी 2 घाला, चमच्यावर थोडं घट्ट होऊ द्या, मग चाखा; गरम असताना चव नीट कळत नाही.

श्रीखंडाला आम्ही तेल थेट घालत नाही, वेलची-साखर करून ठेवतो. 100 ग्रॅम पिठीसाखरेत वेलची तेलाचे 4 थेंब टाकून मिक्सरच्या कोरड्या भांड्यात एकदा फिरवायचं आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरायचं. ही साखर चमच्याने मोजता येते, त्यामुळे हात सैल सुटला तरी अनर्थ होत नाही. लिंबाच्या सालीची, गवती चहाचीही अशी साखर होते. ती सरबतात, पन्ह्यात, बिस्किटांच्या पिठात चालते. बरणी फ्रिजमध्ये ठेवा, महिन्या-दोन महिन्यांत संपवा.

बासुंदी, फिरनी, बिर्याणी यांना गुलाब-केवड्याचा वास हवा असेल तर तेलापेक्षा गुलाबजल आणि केवडाजल घ्या. फुलं वाफेवर गाळताना मिळणारं हे पाणी असतं, त्यात सुगंध फार थोडा आणि पाण्यात मुरलेला, म्हणून माप चुकलं तरी निभावतं. केवड्याची ख्याती ओडिशाच्या गंजाम जिल्ह्याची. मात्र खायचं आणि तोंडाला लावायचं गुलाबजल वेगवेगळं विकलं जातं, तेव्हा इथेही परवान्याचा आकडा बघा.

लवंग, ओवा आणि दालचिनी-साल ही तीन तेलं घरच्या खाण्यात नकोत. तोंड आणि घसा पोळतो, चवही येत नाही. दाढ दुखली की कापसावर लवंग तेल घेऊन दाबायची सवय अनेक घरांत आहे. नुसतं तेल हिरडी भाजून काढतं. अर्धा चमचा खोबरेलात एक थेंब, तेही दंतवैद्याकडे पोचेपर्यंतची सोय म्हणून. आणि पुदिना असो की लिंबू, 'पोट साफ होतं' म्हणून थेंब गिळू नका. अशा कामासाठी आम्ही तेल विकत नाही.

अंगाला, केसांना

इथे टक्क्यांत बोलू. चेहऱ्याला अर्धा ते एक टक्का, अंगाच्या तेलाला दोन टक्क्यांपर्यंत, धुऊन टाकायच्या साबणात थोडं जास्त चालतं. 100 मि.ली. खोबरेलात एक टक्का म्हणजे 1 मि.ली., साधारण 20 थेंब. 30 मि.ली.च्या बाटलीत तेच 6 थेंब. काही तेलांची मर्यादा याहून खाली आहे: गवती चहा 0.7 टक्के, लवंग 0.5 टक्के. जास्त घातलं म्हणून गुण जास्त येत नाही, खाज येते. एकदा एखाद्या तेलाची ॲलर्जी बसली की पुढे त्याचा अंशही अंगाला चालत नाही.

लिंबू-संत्र्याच्या वर्गाला वेगळा नियम. सालीतून दाबून काढलेल्या लिंबू तेलात असे घटक असतात की ते लावून उन्हात गेलं तर कातडी भाजते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. लावून ठेवायच्या वस्तूत पिवळ्या लिंबाचं तेल 2 टक्के, आपल्या कागदी लिंबाच्या जातीचं 0.7 टक्के आणि बर्गमॉट या परदेशी आंबट फळाचं 0.4 टक्के ही मर्यादा मानतात. कागदी लिंबाचं वाफेवर काढलेलं तेल मिळतं, त्यात हा दोष नसतो. कुठलं आहे ते लेबलवर लिहिलेलं असतं. दिवसा लावायच्या क्रीममध्ये मात्र आम्ही दोन्ही टाळा म्हणू. लिंबाची साल चेहऱ्यावर घासून उन्हात वाळवणं टाकायला जाणाऱ्यांनीही हे वाचावं.

घरी सर्वांत सोपं आणि कोकणाला शोभणारं म्हणजे कोकमतेलाचा बाम. कोकमाच्या बियांचं हे तेल, भिरंडेल, पंख्याखाली घट्ट राहतं आणि अंगाच्या उबेला वितळू लागतं. भेगा पडलेल्या टाचांना ते नुसतं चोळणारी घरं अजून आहेत, आणि खरं तर तेवढंही पुरतं. बामच हवा तर: मधमाश्यांचं मेण 10 ग्रॅम, कोकमतेल 10 ग्रॅम, खोबरेल 30 ग्रॅम. भांडं थेट आचेवर न ठेवता गरम पाण्यात ठेवून वितळवा. मेणाला 62-65 अंश लागतात, त्यामुळे सगळ्यांत उशिरा तेच विरघळेल. खाली उतरवून कडेला साय धरू लागली की सुगंधी तेल घाला. ओठांसाठी पुदिन्याचे 4 थेंब, हिरव्या झाकणाचेच, कारण ओठांवरचं पोटात जातं. टाचांसाठी गवती चहाचे 6 थेंब. डबी पूर्ण गार होईपर्यंत झाकण लावू नका, आत घाम धरतो.

उटण्यात सुगंधी तेल फार लागत नाही. वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद ताजी कुटलेली असेल तर तीच पुरे. विकतची पूड शिळी वाटली तर 100 ग्रॅमला वाळ्याचे 8-10 थेंब थोड्या पिठात चोळून मग सगळ्यात मिसळा. दिवाळीच्या आधी आठवडाभर डबा बंद ठेवा, वास मुरतो.

केसांच्या तेलात रोझमेरी घालण्याची सध्या मोठी चलती आहे. 100 मि.ली.ला 20 थेंब घाला, वास छान येतो. केस उगवतील असं आम्ही म्हणणार नाही.

क्रीम, लोशन, कोरफडीची जेल यांची कृती आम्ही मुद्दाम देत नाही. त्यात पाणी असतं, आणि पाणी आलं की बुरशी व जंतू आले. 'टी ट्री तेल टाकलं की टिकतं' हे चूक आहे. कातडीला सोसेल इतक्या तेलाने ते टिकत नाही. त्यासाठी वेगळं परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) मोजून घालावं लागतं. दही-बेसनाचा लेप त्या दिवसापुरताच करा, उरला तर टाकून द्या.

कॉस्टिक सोड्याचा साबण करणाऱ्यांना एक इशारा: लवंग किंवा दालचिनी-पान तेल घातलं की मिश्रण साच्यात ओतायच्या आत भांड्यातच गोठू शकतं. पहिल्या साबणाला रोशा किंवा लॅव्हेंडर घ्या.

नवं काहीही लावण्याआधी, पातळ केलेलं, कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा.

लहान मुलं, गरोदर बायका, मांजरं

निलगिरी आणि कापूर ही घरातली 'साधी' तेलं म्हणून उघड्यावर पडलेली असतात. चमचाभर पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते. बाळाच्या नाकाजवळ निलगिरी लावू नका, उशाशी कापराची पुरचुंडी ठेवू नका; आजी रागावल्या तर हे पत्रक दाखवा. कुणी तेल प्यायलं तर उलटी करवू नका, कारण ते श्वासात जाऊन फुप्फुसाला इजा होते. 108 ला फोन करा आणि बाटली सोबत न्या, लेबल डॉक्टरांच्या कामी येतं.

गरोदर असाल, दमा असेल, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. घरात मांजर असेल तर टी ट्री तिच्या अंगाला अजिबात नको.

विकायचं असेल तर

बचत गटाच्या ताई बाम, साबण, चॉकलेटसाठी आमच्याकडून तेल नेतात, म्हणून हे. खाण्याची वस्तू विकायला एफएसएसएआयची नोंदणी लागते. अंगाला लावायची वस्तू विकण्यासाठी बनवायची तर 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, स्टॉल प्रदर्शनात एकच दिवस असला तरी. घरी करून बहिणीला देणं वेगळं. पाकिटावर घटक लिहा आणि 'बरं करतं', 'घालवतं' असे शब्द टाळा, ते औषधाच्या कायद्यात जातात.

बाटली ठेवताना

गडद काच, घट्ट झाकण, गॅसच्या ओट्यापासून लांब. प्लास्टिकच्या डबीत ओतून ठेवू नका, लिंबू-संत्रं काही प्लास्टिक चक्क विरघळवतं. रबरी फुग्याचा ड्रॉपरही बाटलीला कायमचा लावून ठेवला तर चिकट होतो. लिंबू, संत्रं, टी ट्री हवा लागून बिघडतात आणि बिघडलेलं तेल कातडीला जास्त झोंबतं. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा, फ्रिजमध्ये ठेवा, वर्षाच्या आत संपवा. वाळा आणि चंदनाला ही घाई नाही, ती जुनी होताना सुधारतात. शिळं झालेलं संत्र्याचं तेल मोरीत ओतू नका. स्टीलच्या नव्या डब्यावरचं लेबल काढल्यावर जो गोंद राहतो, तो त्याने कापसाच्या बोळ्यावर सहज निघतो. नंतर डबा साबणाने धुवा.