गळा, बोटं आणि वाया जाणारा जोर

पं. राम मराठे यांच्या नावाने संगीत महोत्सव भरवणाऱ्या ठाण्यात गाण्याचे क्लास नवे नाहीत. आता नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत पेटीच्या शेजारी कीबोर्डही आलाय, आणि बरीच मुलं गाणं आणि पियानो दोन्ही शिकतात. दोन्हीकडे एकच वाक्य कानावर पडतं: "अरे, जोर नको लावूस." मुलांना ते पटत नाही. मोठा आवाज हवा तर जोर लागणारच, असं त्यांना वाटतं. पण गुरुजींचं म्हणणं शब्दशः खरं आहे, आणि ते का, हे पालकांनाही कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पेटीची पट्टी दाबली की फक्त हवेची वाट उघडते. आवाज लहान-मोठा करतो तो भाता. पियानोत पट्टी दाबली की आतली फेल्ट लावलेली हातोडी तारेकडे फेकली जाते. तार दोनेक मिलिमीटरवर आली की पट्टीचा आणि हातोडीचा संबंध तुटतो, आणि उरलेलं अंतर हातोडी स्वतःच्या वेगाने कापते. ही करामत १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी साधली. म्हणजे आवाज ठरतो तो हातोडीच्या वेगाने. सूर वाजल्यावर पट्टी कितीही रेटा, त्यात काडीचाही फरक पडत नाही. पट्टी अगदी सावकाश दाबून पाहा: ती तळाला टेकते, पण सूर उमटत नाही. डिजिटल पियानोत हाच वेग पट्टीखालचे सेन्सर मोजतात. ज्या स्वस्त कीबोर्डवर हळू आणि जोरात सारखंच वाजतं, त्यावर बोटांना हे कधीच कळणार नाही. घेताना तेवढं जरूर बघा.

आता बोटं. बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखालच्या भागात असतात आणि मनगटातून जाणाऱ्या कंडरांनी (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांनी) बोटं ओढतात. म्हणून मनगट आखडलं की सगळंच आखडतं. एक गंमत करून बघा. पंजा टेबलावर ठेवा, मधलं बोट आत दुमडा, बाकी बोटांची टोकं टेकलेली राहू द्या. अंगठा, तर्जनी, करंगळी उचलता येतील. अनामिका जवळजवळ हलणारच नाही. हाताच्या पाठीवर या बोटांच्या कंडरा एकमेकींना जोडलेल्या असतात, हे त्याचं मोठं कारण. अनामिका कमजोर आहे म्हणून तिला दामटून व्यायाम देणं मला धोक्याचं वाटतं. ती उचलताना मनगट आणि बाहू किंचित सोबत फिरू दिले की काम होतं.

नवशिका बोट वाकवणारा आणि सरळ करणारा, दोन्ही स्नायू एकदमच आवळतो. सरावाने मज्जासंस्था हा नको असलेला ताण हळूहळू सोडून देते. पण घाईने वाजवलं तर सुरांबरोबर ताणाचाही रियाज होतो, आणि तो मग सहजी सुटत नाही. सावकाश वाजवायचं ते यासाठी.

गळ्याचं काम याहून नाजूक. काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी धरून) सा लावणाऱ्या मुलीचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०८ वेळा मिटतात-उघडतात, तार षड्जावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या सा वर, ४१५ वेळा. इतक्या झपाट्याने प्रत्येक कंपनाचा हुकूम मेंदू देऊच शकत नाही. स्नायू फक्त तंतूंचा ताण आणि जवळीक राखतात. त्यांना थरथरवते ती खालून येणारी हवा. १८५४ मध्ये मान्वेल गार्सिया या गायनशिक्षकाने दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून, सूर्यप्रकाशात, स्वतःच्याच गळ्यात हे तंतू हलताना पाहिले आणि पुढच्या वर्षी ते लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. गळा आवळला की तंतू एकमेकांवर जास्त जोराने आपटतात, मग त्यांना हलवायला हवाही जास्त दाबाने ढकलावी लागते. हे रोज घडलं की तंतूंच्या कडांवर गाठी धरू शकतात.

मग "पोटातून गा" याचा अर्थ काय? हवा असते फुप्फुसातच, आणि छाती आणि पोट यांच्यामधला पडदा हा श्वास आत घेणारा स्नायू आहे. छाती पूर्ण भरली की बरगड्या आपोआप मिटू पाहतात, आणि हळू, लांब सुराला लागतो त्याहून जास्त दाब तयार होतो. म्हणून सुराच्या सुरुवातीला श्वास घेणारे स्नायू लगेच सोडायचे नसतात, त्यांनी बरगड्या थोड्या आवरून धरायच्या असतात. श्वास जसा संपत येतो तसे पोटाचे स्नायू मदतीला येतात. सकाळी खर्ज (खालच्या सप्तकातले सूर) लावायला सांगतात तेही मला इथेच मोलाचं वाटतं: खर्जात तंतू सैल आणि जाड असतात, गळा आवळला की सूर लगेच खरखरतो, आणि चूक तिथल्या तिथे कानाला कळते.

घरी करण्याजोगा एक सोपा उपाय आहे. स्ट्रॉ ओठांत घट्ट धरा आणि तिच्यातूनच सूर काढत सा ते प ये-जा करा. अरुंद वाटेमुळे तोंडात आणि घशात दाब साठतो, तो तंतूंना थोडं दूर राखतो, आणि कमी श्रमात कंपन चालू राहतं. ओठांतून हवा निसटत नाही ना, ते बघा. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, किंवा वाजवल्यावर बोटांना मुंग्या येत राहिल्या, तर मात्र रियाज थांबवून डॉक्टरांना दाखवा: आवाजासाठी कान-नाक-घसातज्ज्ञांना, हातासाठी अस्थिरोगतज्ज्ञांना.