पाणी कमी पडलं की जास्त झालं?

लांब पल्ल्याच्या शर्यतीत कुणी डोकं धरून रस्त्याकडेला बसलं, मळमळतंय म्हणालं, की आजूबाजूचे लगेच पाण्याची बाटली पुढे करतात. बऱ्याचदा ते योग्यच असतं. पण काही वेळा त्या माणसाच्या पोटात आधीच गरजेपेक्षा जास्त पाणी गेलेलं असतं, आणि ती बाटली त्याच्या जिवावर बेतू शकते.

पहिला त्रास सगळ्यांच्या ओळखीचा आहे: डिहायड्रेशन. घामावाटे पाणी गेलं आणि तेवढं भरून निघालं नाही, की रक्ताचं प्रमाण घटतं, नाडी जलद होते, उभं राहिल्यावर गरगरतं. घामात मीठ असतं खरं, पण रक्तापेक्षा बरंच कमी. म्हणून नुसता घाम गेला तर रक्तातलं सोडियम खाली येत नाही, उलट थोडं वर चढतं आणि जोराची तहान लागते.

दुसरा त्रास हायपोनेट्रेमिया, म्हणजे रक्तातलं सोडियम कमी होणं. ते साधारणपणे लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल असतं. ते त्याखाली येण्याचं मुख्य कारण घामातून गेलेलं मीठ असेल असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेकांच्या बाबतीत ते असतं जास्तीचं पाणी. एरवी मूत्रपिंडं असं पाणी सहज बाहेर टाकतात. मात्र दीर्घ श्रमात, वेदनेत किंवा मळमळीत शरीर पाणी धरून ठेवणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सोडत राहतं, आणि प्यालेलं पाणी आतच अडकतं. पातळ झालेल्या रक्तातून ते पेशींमध्ये शिरतं. हाताची बोटं सुजली तर अंगठी घट्ट होते, एवढ्यावर भागतं. मेंदूला मात्र कवटीच्या आत सुजायला जागाच नसते. मग डोकेदुखी, उलट्या, असंबद्ध बोलणं, झटके, आणि वेळेत ओळखलं नाही तर मृत्यूसुद्धा.

हे अगदी क्वचित घडतं असंही नाही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम १३५ किंवा त्याहून कमी निघालं. त्यातल्या बहुतेकांची पातळी फार धोकादायक नव्हती, पण तिघांची १२० किंवा त्याखाली गेली होती. धोका सगळ्यांत जास्त कुणाला? शर्यतीत वजन वाढलेल्यांना आणि चार तासांपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्यांना. पुढे पळणाऱ्याला प्यायला उसंत नसते. निवांत धावणारा मात्र प्रत्येक टेबलापाशी थांबून दोन पेले रिचवतो. शिवाय तो हळू धावत असल्यामुळे त्याला घामही कमी येतो.

याला जुना सल्लाही बराचसा जबाबदार आहे. ‘तहान लागायच्या आधीच प्या’ हे वाक्य वर्षानुवर्षं घोकून घेतलं गेलं. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या १९९६ च्या निवेदनात तर घामाने गेलेलं सगळं पाणी भरून काढा, नाहीतर सहन होईल तितकं प्या, असा सूर होता. २००७ मध्ये तो बदलला आणि जास्त पिण्याच्या धोक्याचा स्पष्ट उल्लेख आला. तोवर ते जुनं वाक्य लोकांच्या अंगवळणी पडलं होतं, आणि अजूनही आहे.

मग ओळखायचं कसं? डोकेदुखी, मळमळ आणि थकवा दोन्हींत असतो, त्यामुळे त्यांवर विसंबू नये. लघवीचा रंगही फसवतो. व्हॅसोप्रेसिनमुळे जास्त पाणी प्यालेल्यालाही थोडीच आणि गडद लघवी होऊ शकते, आणि तो आणखी पाणी पितो. खरा साक्षीदार वजनकाटा. साठ किलोचा धावपटू शर्यतीनंतर साडेअठ्ठावन्न भरला, तोंड कोरडं आहे, तहान लागली आहे, तर बिनधास्त पाणी द्यावं. तोच एकसष्ट भरला, पोट फुगलंय, तहान नाही, घड्याळाचा पट्टा रुततोय, तर पाणी बंद. वजन जैसे थे राहिलं तरी थोडं जास्तच प्यालं गेलंय असं समजावं, कारण तासन्‌तास धावण्यात शरीरातलं इंधनही जळतं आणि तेवढं वजन उतरायला हवं.

स्पोर्ट्स ड्रिंक प्यायलं म्हणजे सुटलो, असंही नाही. त्यात सोडियम असतं, पण रक्ताच्या मानाने इतकं कमी की भरमसाट प्यायल्यास तेही रक्त पातळच करतं. मिठाच्या गोळ्यांचंही तसंच. अतिपाण्यापुढे त्यांचं फारसं चालत नाही. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांमुळे मूत्रपिंडं पाणी आणखी धरून ठेवतात, म्हणून धावण्याआधी ‘खबरदारी’ म्हणून गोळी घेणं हा मला तरी उफराटा प्रकार वाटतो. निरोगी माणसाने तहान लागेल तसं प्यावं, यावर आता बऱ्यापैकी एकमत आहे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारं औषध चालू असेल, तर पाण्याचं गणित आधी डॉक्टरांना विचारून ठरवावं.

शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला तोंडाने काहीच पाजू नये. अंग तापलेलं असेल तर उष्माघाताचीही शक्यता असते. तेव्हा आधी अंग थंड करायचं. हायपोनेट्रेमिया गंभीर असेल तर डॉक्टर शिरेतून तीन टक्क्यांचं तीव्र मिठाचं द्रावण देतात. नेहमीचं सलाईन घाईघाईने चढवल्यास सोडियम आणखी खाली जाऊ शकतं. त्रास कधीकधी शर्यत संपल्यावर, पोटातलं उरलेलं पाणी रक्तात उतरल्यावर सुरू होतो. म्हणून वैद्यकीय तंबूत नेताना सोबत्याने दोन गोष्टी सांगाव्यात: याने वाटेत किती पाणी प्यायलं, आणि सुरुवातीला याचं वजन किती होतं.