वायफाय की मोबाईल डेटा? वरची खूण बघू नका, पलीकडं काय आहे ते बघा

परवा सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या मावशीकडं गेलो तर चप्पल काढायच्या आधीच तिचं सुरू, "अरे घरात वायफाय असून माझा दीड जीबी दुपारी १२ लाच संपालाय बग रोज, कुठं जालाय कळंना." हा प्रश्न मला महिन्यातनं दोनदा तरी कुणीतरी विचारतंयच, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं.

मावशीचं घर जुनं, दगडी भिंती हातभर जाड. राउटर पुढच्या खोलीत टीव्हीच्या वर, आणि मावशी सकाळभर मागं स्वयंपाकघरात, भाकरी थापत थापत फोनवर कीर्तन लावून. मी फोन घेऊन चुलीपाशी उभारलो तर वायफायची एकच कांडी, तीपण येऊन जाऊन. सेटिंगमध्ये बघितलं तर वायफाय कमजोर झालं की आपोआप मोबाईल डेटावर जा असं एक बटण चालू होतं. म्हणजे फोन मधनंच गुपचूप सिमच्या डेटावर जायचा, कीर्तन कुठं अडकायचं नाही, म्हणून मावशीला कळायचंपण नाही. ते बटण बऱ्याच फोनमध्ये असतंय, नाव कंपनीप्रमाणं वेगळं, वायफायच्या सेटिंगमध्ये शोधलं की सापडतंय.

आता मूळ गोष्ट. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे हो. आपण म्हणतो घरी वायफाय घेतलं, पण घेतलेलं असतंय फायबरचं कनेक्शन, आणि वायफाय म्हणजे त्या राउटरच्या डब्यापासनं आपल्या फोनपर्यंतचा बिनवायरचा तेवढाच शेवटचा तुकडा. मोबाईल डेटात हा डबाच नाही, फोन सिमवरनं थेट टॉवरशी बोलतोय. म्हणून वायफायच्या सगळ्या कांड्या फुल आणि नेट मात्र बंद, असं होऊ शकतंय, कारण कांड्या फक्त फोन आणि डब्यातलं सांगतात, डब्याच्या पलीकडचं नाही. रस्ता खोदताना केबल तुटली की डब्यावर एलओएस नावाचा लाल दिवा लागतो, तेव्हा फोन दहा वेळा बंद चालू करून काही उपयोग नाही, सरळ तक्रार नोंदवा आणि तोवर डेटा चालू करा.

दुसरा घोळ मला सगळ्यात जास्त दिसतो तो ५जी चा. मावशीच्या राउटरची दोन नावं दिसत होती, एक साधं आणि एक शेवटी ५जी लावलेलं. भावानं तिला ५जी वालं लावून दिलेलं, फास्ट म्हणून. पण राउटरच्या नावातलं ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, ती लहरींची पट्टी आहे, आणि सिमचं ५जी, जे आपल्या देशात ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, ते म्हणजे मोबाईल नेटवर्कची पाचवी पिढी. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ५ गिगाहर्ट्झ जवळ बसलं की वेगवान, पण भिंतीतनं जाताना लवकर दमतं, आणि साधं २.४ गिगाहर्ट्झ त्यापेक्षा हळू पण लांब जातं. स्वयंपाकघरात साधं नाव जोडलं, एकाच्या तीन कांड्या झाल्या. कीर्तनाला तेवढं भरपूर.

पैशाचं गणित सोपंय. दिवसाला दीड जीबी म्हणजे २८ दिवसाचे ४२ जीबी, आणि फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबी मिळतात. म्हणून व्हिडिओ, अ‍ॅपचे अपडेट, फोटोंचा बॅकअप, हे सगळं घरच्या वायफायवरच उरकावं. दिवसाचा डेटा संपला की बहुतेक प्लॅनमध्ये स्पीड ६४ केबीपीएसवर येतो (यातला बी म्हणजे बिट, आणि आठ बिटांचा एक बाइट), म्हणजे सेकंदाला ८ केबी, ४ एमबीचा एक फोटो पाठवायला आठ मिनिटं लागतात. आणि ज्यांच्याकडं अनलिमिटेड ५जी आहे त्यांनी एवढं ध्यानात ठेवा की फोन ४जी वर उतरला की पुष्कळ प्लॅनमध्ये रोजची मर्यादा मोजायला सुरुवात होती.

हॉटस्पॉटचं तर खास सांगतो, कारण यात पोरं फसतात. मित्राचा हॉटस्पॉट घेतला की आपल्या फोनला तो वायफायच वाटतो, वर खूणपण वायफायचीच. मग 'फक्त वायफायवर बॅकअप' असं जे लावलेलं असतंय ते बऱ्याचदा लगेच सुरू, आणि मित्राचा दिवसाचा डेटा चहा संपायच्या आत गायब. त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन ते मीटर्ड, म्हणजे डेटा मोजून वापरायचं नेटवर्क, असं करून ठेवा, म्हणजे मोठे अपडेट आणि बॅकअप थांबतात.

बाहेर मात्र मी डेटाच धरतो. टॉवर सगळ्यांचा सामायिक, त्यामुळं जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावर गर्दी झाली की फुल रेंज असून मेसेजवर नुसतं घड्याळ फिरत बसतं, हे खरंय, तिथं पत्ता-फोटो आधीच पाठवून ठेवलेले बरे. स्टेशनवर रेलवायरचं वायफाय आहे, दिवसातनं पहिला अर्धा तास फुकट, गाडी लेट असली तर बातम्या वाचायला चांगलं. पण असल्या सार्वजनिक वायफायवर मी पैशाचे व्यवहार करत नाही, कारण त्याच नावाचं खोटं नेटवर्क कुणीपण उभं करू शकतंय आणि फोनला दोन्ही सारखीच दिसतात.

अजून एक, रेंज कमी असलेल्या जागी डेटा चालू ठेवला की फोन टॉवर गाठायला जोर लावतो आणि बॅटरी भराभर उतरती. मावशीच्या झोपायच्या खोलीत तर सिमची रेंजपण नव्हती, फोनच लागायचा नाही. सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करून दिलं, आता साधा कॉल वायफायवरनं जातो.

निघताना तिनं विचारलं, "मग घरात असताना डेटा बंदच ठिवू का? बँकेचा ओटीपी यायचा बंद हुईल की." नाही होत. ओटीपी एसएमएसनं येतो, त्याला नेट लागत नाही, सिमला रेंज लागती. फक्त लाइट गेली की राउटर बंद पडतोय, तेवढ्या वेळापुरता डेटा चालू कर म्हटलं, आणि लाइट आली की आठवणीनं बंद कर.